काडीची हमी

कपाशीची वाळलेली काडी जमीन सहजासहजी सोडत नाही. कापूस वेचून झालेला असतो, पानं गळून गेलेली असतात, वर नुसता खराटा उरलेला असतो, तरी खाली मुळं अशी घट्ट बसलेली असतात की जणू रान तिच्याच नावावर आहे. वाकायचं, चिमट्याच्या जबड्यात बुंधा धरायचा, दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकायचा. कट्‌ असा आवाज आला की पुढची. सकाळी सुरू केलं की दुपारनंतर कंबर आपली आहे की शेजारणीची, तेच कळेनासं होतं.

तिला सगळं गाव काडीवाली म्हणायचं. आधी चेष्टेनं म्हणायचं, आता नुसतंच म्हणायचं. नवरा फिटर. मोटारी, पंप, नांगराचे फाळ, जे मोडेल ते जोडून द्यायचा. तो चिमटाही त्यानंच जोडलेला. आज ती थोरल्या दिरांच्या रानात होती आणि सोबतीला जाऊ होती, थोरली.

"तुझ्या नादाला लागून माझे हात बघ," थोरली म्हणाली. "काल ह्यांच्या पाठीला तेल लावायला गेले, तर म्हणाले, आधी तो खराटा बाजूला ठेव."

"मग?"

"मग काय. म्हटलं, रान फुकटात साफ होतंय, पाठ जरा खरवडली तर कुठे बिघडलं?"

दोघी हसल्या, आणि हसताना कंबर सरळ करायची संधी मिळाली म्हणून जरा जास्तच हसल्या.

सौदा साधा होता. रानमालकानं काडी जाळायची नाही. काडीवाली येऊन उपटून नेणार. मालकाला नांगराला मोकळं रान, तिला काडी. त्यात ना पैसा ना कागद. ज्यानं कबूल केलं त्यानं बांधाच्या कोपऱ्यावर एक काडी उलटी रोवायची, मुळं वर करून. ती दिसली की बाकीच्यांनी समजायचं, हे रान बोललं गेलंय, इथे आग लावायची नाही. ही रीत कुणी ठरवली नव्हती. पहिल्या साली एका म्हाताऱ्यानं थट्टेनं तशी रोवली, दुसऱ्या साली सगळ्यांनी.

काडी घरामागच्या शेडमध्ये जायची. तिथे कुट्टी मशीनमध्ये तिचा भुगा व्हायचा आणि तो भुगा प्रेसमध्ये दाबून मनगटाएवढे जाड ठोकळे निघायचे. कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर होता. तिथला बॉयलरवाला म्हणायचा, "जेवढे ठोकळे आणाल तेवढे टाका. कोळशापेक्षा बरे जळतात, आणि माझ्या नाकातही कमी जातात."

पण हा धंदा तिनं धंदा म्हणून काढलाच नव्हता. सासूच्या छातीपायी काढला होता. दरसाल कापूस संपला की गावभर काड्या पेटायच्या, धूर खाली बसायचा तो उठायचाच नाही, आणि म्हातारी उंबऱ्यात गुडघ्यांवर हात टेकून, ओलं फडकं तोंडाला धरून बसायची. श्वास आत ओढताना गळ्याखाली खड्डा पडायचा. त्या खड्ड्याकडे बघत सुनेनं एका साली फिटरला विचारलं होतं, "हे सगळं जाळण्यापेक्षा कुठे विकता नाही का येत?" फिटरनं कुठून तरी एक भंगारातला प्रेस आणला. तिथून सुरुवात.

आता तो प्रेस थकला होता. त्याचा आतला स्क्रू रोज झिजायचा, आणि रोज संध्याकाळी फिटर त्यावर वेल्डिंगचा थर चढवायचा. सकाळी भरलेला, संध्याकाळी पुन्हा बोडका. गावातल्या सगळ्या रानांची काडी त्या मशीनला झेपण्यासारखी नव्हती. म्हणून सरकारच्या योजनेतून नवा प्रेस मागितला होता. अर्धा सरकार देणार, अर्धा बँक देणार, असं जाहिरातीत छापलं होतं. त्या भरवशावर काडीवालीनं या साली गावाला शब्द दिला होता: "कुणी जाळू नका. नांगराच्या आधी सगळ्यांची उचलते."

बांधोबांधी उलट्या काड्या उभ्या राहिल्या होत्या. नांगर थांबले होते. लोक आभाळाकडे बघत होते आणि मग तिच्याकडे.

"येतोय ना गं तुझा प्रेस?" थोरलीनं पेंढी बांधता बांधता विचारलं. "हे रोज विचारतात. बोलत नाहीत तुझ्याशी, पण मला सोलतात."

"परवा ऑफिसात बोलावलंय. शेवटचंच म्हणाले."

"शेवटचं," थोरली म्हणाली, आणि तिनं पेंढीची गाठ आवळली.

*

याआधीही शेवटचंच होतं. आधी म्हणाले, शेड शेतजमिनीवर आहे, जागा उद्योगाची करून आणा. ती करायला वर्ष गेलं. मग म्हणाले, आग विझवणाऱ्या खात्याचा दाखला आणा. आग विझवणारे म्हणाले, मशीन बसलेलं दाखवा, मग दाखला. बँक म्हणाली, सरकारची मंजुरी दाखवा, मग कर्ज. सरकार म्हणालं, बँकेचं कर्ज दाखवा, मग मंजुरी. दोघांच्या दारात फिटर असा फिरला की दोन्हीकडचे शिपाई त्याला चहा विचारायला लागले. चहा मात्र त्याच्याच पैशानं.

ऑफिस मोठ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर. कारकुनानं दोघांकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि खुर्च्यांवर जुनं वर्तमानपत्र पसरलं.

"बसा. खुर्च्या नव्या आहेत."

फिटर बसला. ती उभी राहिली.

"बसा ना बाई."

"नको. पेपर चुरगळेल."

भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र होतं. त्यात इस्त्रीच्या शर्टातला शेतकरी काड्यांची मोळी छातीशी धरून हसत होता. खाली लिहिलं होतं, शेतातला कचरा जाळू नका, त्यातून ऊर्जा घडवा. अशी मोळी कुणी छातीशी धरली तर आधी शर्ट जाईल, मग कातडी. ती चित्राकडे बघत राहिली.

साहेब आत होते. वय फार नव्हतं. आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजाच्या माणसाशी भांडता येत नाही ही मोठी अडचण असते.

"सगळं झालंय तुमचं," ते म्हणाले. "एकच राहिलं. कच्च्या मालाची हमी."

"म्हणजे?" फिटर म्हणाला.

"काडी कुठून येणार?"

"रानातून."

"कुणाच्या?"

"गावाच्या. सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्याच नाही," साहेब हसले. "सरकार मशीनला पैसा देणार, आणि उद्या लोकांनी काडी दिली नाही तर? मशीन उपाशी राहील. असे किती प्रकल्प बंद पडलेत, तुम्हाला कल्पना नाही. म्हणून नियम आहे. प्रत्येक शेतमालकाशी दहा वर्षांचा करार. स्टॅम्पवर. सोबत जमिनीच्या कागदाची नक्कल, सही, साक्षीदार. मसुदा बाहेर मिळेल."

"लोक शब्दावर देतात, साहेब," ती म्हणाली.

"शब्द फायलीला लावता येत नाही ना, बाई."

"दहा वर्षं कोण काय पेरणार, हे त्याचं त्याला तरी ठाऊक असतं का? पुढच्या साली कुणी मका लावेल."

"मग मक्याची ताटं द्यावीत. मसुद्यात 'पिकाचे अवशेष' असं आहे. आम्ही सगळा विचार केलाय."

"कोळसावाल्याकडूनही घेता का हो असा कागद? दहा वर्षं खाणीत कोळसा राहील म्हणून?"

फिटरनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. साहेबांचा आवाज मऊच राहिला.

"कोळसा आमच्या खात्यात येत नाही," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मी स्वतः पाहणीला येतो. कच्चा माल बघेन, करार बघेन, आणि त्याच दिवशी शेरा मारेन. तुमचं व्हावं असं मलाही वाटतं. माझंही टार्गेट आहे."

निघताना कारकुनानं खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि न बसलेल्या खुर्चीवरचंही झटकलं.

*

"मी सांगते, हा कागद घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका."

फिटर स्क्रूवर वेल्डिंग करत होता. काच डोळ्यांपुढून खाली घेऊन त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे नेहमीसारखे लाल होते.

"मग काय करू? हा स्क्रू बघ. आतली नुसती सळई उरलीय. अजून एक थर, दोन थर. मग हा फाटणार. साहेब पुढच्या आठवड्यात येतोय."

"लोकांनी काडी दिलीय. जमिनीचा कागद मागितला की काडीही जाईल."

"अगं, लिहून घेणं वेगळं आणि जमीन घेणं वेगळं. समजावून सांगायला मला तोंड नाही का?"

"आहे. पण तुमच्या तोंडापेक्षा स्टॅम्प मोठा आहे."

उंबऱ्यातून म्हातारी म्हणाली, "थोरल्याकडे आधी जाऊ नकोस रे. त्याच्याकडे शेवटी जा."

फिटरनं नेमकं उलटं केलं. त्याला वाटलं, सख्ख्या भावानं सही केली की बाकीचे आपोआप करतील. थोरल्यानं कागद हातात घेतला, वरचा स्टॅम्प पाहिला, उलटा करून पाहिला, आणि शिंप्याच्या दुकानात घेऊन गेला. गावात कुणालाही सरकारी कागद वाचायचा असला की शिंप्याकडे जायचा. मशीन थांबवून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन तो वाचायचा आणि वाचल्याचे पैसे घ्यायचा नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास.

काडीवाली तिथे पोहोचली तेव्हा दुकानासमोर गर्दी झाली होती. शिंपी मोठ्यानं वाचत होता.

"'सदर क्षेत्रातील सर्व पिकांच्या अवशेषांवर दुसऱ्या पक्षाचा दहा वर्षे अनन्य हक्क राहील. पहिल्या पक्षाने सदर अवशेष अन्य कोणास दिल्यास, नष्ट केल्यास अथवा पीक घेतले नाही तर नुकसानभरपाईस पात्र राहील. जमीन विकल्यास हा करार नव्या मालकावर बंधनकारक राहील.'"

"दुसरा पक्ष कोण?" कुणीतरी विचारलं.

शिंप्यानं मान वर करून पाहिलं. तिच्याकडेच.

"म्हणजे पीक घेतलं नाही तर मी हिला भरपाई द्यायची?" एक म्हातारा म्हणाला. उलटी काडी पहिल्यांदा रोवणारा तो हाच. "रान पडीक ठेवलं तर दंड? का गं पोरी? रान माझं ना?"

"काका, ते ऑफिसवाल्यांनी लिहिलंय. मी नाही."

"नाव तुझ्या नवऱ्याचं आहे."

"बैलाला चार ताटं टाकली तरी विचारावं लागेल बहुतेक," मागून एकजण म्हणाला. "सकाळी येऊन सांगायचं, वहिनी, बैलानं आज एवढे अवशेष खाल्ले."

लोक हसले. हसण्यात आधीची थट्टा नव्हती.

थोरला पुढे आला. मग बोलला, तेही तिच्याशी नाही, शिंप्याशी. "वाटणीत बांधाची एक फूट जमीन धाकट्याला कमी गेली म्हणून तो दोन वर्षं कुरकुरत होता. आता अख्ख्या गावाच्या बांधाच्या आत शिरायचा रस्ता सापडलाय त्याला. आज काडीवर हक्क, उद्या काडी जिच्यात उगवते तिच्यावर."

"भाऊजी, दोन साल तुमचं रान मी उपटलं," ती म्हणाली. "हे हात बघा. ह्यांत तुमची माती सोडून काय आलं माझ्याकडे?"

त्यानं हात पाहिले नाहीत. पाहावे लागले असते तर बरं झालं असतं.

"शब्दावर देत होतो ना आम्ही?" तो म्हणाला. "तेव्हा शब्द पुरत होता. आता पुरेना. कुणाला पुरेना, तुला की सरकारला?"

याचं खरं उत्तर तिच्याकडे होतं, पण खरं उत्तर दिलं तर कागद कशाला फिरवला, असा पुढचा प्रश्न येणार होता. आणि त्याचं उत्तर होतं, तिचा नवरा. ती गप्प राहिली. गर्दीत गप्प राहणाऱ्या माणसावर सगळं शाबीत होतं.

फिटर संध्याकाळी तीन सह्या घेऊन आला. एक बहिऱ्या कुंभाराची, एक फिटरकडेच उधारीवर पंप दुरुस्त करून घेतलेल्या माणसाची, आणि तिसरी एका बाईची, जिच्याकडे जमीनच नव्हती.

"तिनं कशाला केली?" काडीवालीनं विचारलं.

"म्हणाली, मलाही एकदा जमिनीच्या कागदावर सही करायची होती."

म्हातारी हसली आणि हसता हसता खोकली. कागद फिटरच्या हातातच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी ती रानाकडे निघाली तेव्हा पहिल्याच बांधाचा कोपरा मोकळा होता. उलटी काडी उपटून कुणी बाजूला टाकलेली. पुढच्या बांधावरही. त्याच्या पुढच्याही. काही ठिकाणी लहान भोक राहिलं होतं, काही ठिकाणी तेही पायानं बुजवलेलं. इतक्या नेटानं कुणी काही बुजवावं एवढं तिनं काय केलं होतं?

उन्हं चढली आणि पहिला धूर दिसला. थोरल्याच्या रानातून. ऑफिसात जाण्याआधी दोघी जावा जिथवर उपटून आल्या होत्या त्याच्या पुढच्या भागातून. काड्या फटाफट फुटत होत्या. थोरला पेटती पेंढी घेऊन ओळीओळीनं चालला होता, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा.

मग सगळ्यांनीच पेटवायला घेतलं. कागद होण्याआधी काडी संपलेली बरी, असा हिशेब होता. काडीच राहिली नाही तर हक्क कशावर सांगणार? नांगर आधीच थांबले होते, त्याचाही राग होताच. वाट तिच्या शब्दावर पाहिली होती, तर आग तिच्या शब्दालाच लावली.

थोरली वाटेत भेटली. डोळे लाल झालेले, धुरानं की रडून, कळत नव्हतं.

"मी म्हटलं त्यांना, अर्धं तरी ठेवा. म्हणाले, तू आमच्या घरची की तिच्या?"

"मग?"

"मग काय मग. घरीच चाललेय की मी."

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून सूर्य नुसता तांबड्या ठिपक्यासारखा होता. म्हातारी खाटेवर बसून होती. आडवं होता येत नव्हतं. श्वास आत जाताना शिटीसारखा आवाज यायचा आणि मधूनच थांबायचा, आणि तो थांबला की काडीवालीचाही थांबायचा. दवाखान्यातून दिलेली, औषध ओढायची नळी रिकामी झाली होती. फिटर ओली फडकी दारावर बांधत होता.

गाडी काचा बंद करून आली. आत गारवा होता, तो दार उघडताच बाहेर आला आणि धुरात मेला. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, शेडमध्ये डोकावले. कोपऱ्यात थोरल्याच्या रानातून आधी आणलेला ढीग होता. तेवढाच.

"कच्चा माल एवढाच?"

"गावभर होता, साहेब," फिटर म्हणाला. "परवापर्यंत."

"आणि करार?"

फिटरनं तीन कागद पुढे केले. साहेबांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हिच्या जमिनीचा कागद?"

"जमीन नाहीये तिला."

साहेबांनी सुस्कारा टाकला. खरंच वाईट वाटल्यासारखा. बोनेटवर फाईल ठेवून ते उभ्या उभ्या लिहायला लागले.

"काय लिहिताय?" ती म्हणाली.

"पाहणीचा शेरा. 'परिसरात कच्चा माल उपलब्ध नाही. पुरवठ्याची हमी नाही. प्रकल्प अनुदानास अपात्र.' मी तुमच्या बाजूचा आहे, बाई, पण जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"हे धुकं वाटतंय का तुम्हाला?"

"तसं नाही—"

"तुमचा कागद येण्याआधी हे सगळं उभं होतं. प्रत्येक बांधावर लोकांनी कबुली रोवली होती. एकानंही जाळलं नव्हतं. तुम्ही हमी मागितली आणि लोकांनी पेटवून दिलं. हे लिहा. 'आमच्या कागदामुळे जळालं' असं लिहा."

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले, आणि हे म्हणतानाही त्यांचा आवाज मऊच होता.

तिनं काही विचार केला नाही. गाडीकडे गेली आणि मागचं दार उघडलं. मग पलीकडचं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं. ड्रायव्हर आत झोपलेला होता, तो दचकून उठला. राहिलेलं पुढचं दारही तिनं खेचून उघडलं. धूर बिनबोभाट आत शिरला, सीटांवर बसला, काचांना टेकला. ड्रायव्हर खोकत बाहेर पडला.

"अहो बाई, हे काय करताय?"

"उपलब्ध नाही म्हणालात ना? घ्या. तुमच्याच गाडीत भरलाय. घेऊन जा, मोजा, फायलीला लावा."

"अगं—" फिटर पुढे आला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही कागद फिरवलात." मग साहेबांकडे वळून ती म्हणाली, "त्या घरात जी शिटी वाजतेय ना, ती ऐका. रिकामं मशीन नाहीये ते. बाई आहे. ह्यांची आई आहे. भिंतीवर चित्र लावता, जाळू नका म्हणून. ज्यांनी जाळणं थांबवलं त्यांना दहा वर्षांचा जामीन मागता. आणि जो जाळतो त्याला कुणी काही मागत नाही. त्याला हमी लागत नाही, साक्षीदार लागत नाही, उद्योगाची जागा लागत नाही. ही तुमची योजना."

साहेबांनी फाईल बंद केली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती निघायची घाई होती. ड्रायव्हरनं दारं लावली. आतल्या धुरासकट गाडी वळली आणि गेली. काचा खाली करायचं बराच वेळ कुणाला सुचलं नाही, हे तिनं गाडी दूरवर जाईपर्यंत पाहिलं. तेवढंच काय ते समाधान, आणि तेही काही कामाचं नव्हतं.

*

आतून शिटी थांबली.

दोघं धावत गेले. म्हातारीत जीव होता, डोळे उघडे होते, ओठ निळसर झाले होते. सुनेनं पाठीवर हात चोळले तेव्हा पुन्हा एक बारीक आवाज आला.

"इथे नाही राहू शकत ह्या," ती म्हणाली. "दवाखान्यापर्यंत पोचायला आधी श्वास तरी पाहिजे. मोकळी हवा कुठेय?"

फिटर दारात जाऊन उभा राहिला. वारा रानाकडून घराकडे येत होता. खाली शाळा, शिंप्याचं दुकान, सगळी घरं धुरात बुडालेली. एकाच दिशेला आभाळ निळं दिसत होतं. आगीच्या मागे. जिथून लोक पेटवत पुढे सरकत होते त्यांच्या पाठीशी.

"थोरल्याच्या रानात," तो म्हणाला. "वरच्या बांधावर."

खाट उचलली. पुढे तो, मागे ती. म्हातारीच्या तोंडावर ओलं फडकं. वाटेत कुणीतरी आडवं आलं आणि बाजूला झालं. जळून गेलेल्या ओळींमधून जाताना खालची राख चपलेतून पोळत होती, बुंधे टोचत होते. फिटरचा तोल एकदा गेला, त्यानं खाट गुडघ्यावर सावरली, पण खाली टेकू दिली नाही. तिच्या तळहातांवरचे जुने फोड फुटून खाटेच्या दांड्याला चिकटले होते. तिला दुखत नव्हतं. फार राग आला की तिचं अंग असंच बधिर व्हायचं.

थोरला पाठमोरा होता. शेवटचा कोपरा राहिला होता, तिथे उभ्या काड्या होत्या, आणि त्याच्या हातात पेटती पेंढी होती. आगीच्या आवाजात त्याला कुणाची चाहूल लागली नाही. त्यांनी त्याच्यामागे बांधावर खाट ठेवली. सुनेनं म्हातारीला बसतं केलं, पाठीला आपली छाती लावली आणि फडकं दूर केलं. इथली हवा खरंच स्वच्छ होती. म्हातारीनं एक श्वास घेतला, अर्धाच. मग दुसरा, जरा मोठा. गळ्याखालचा खड्डा भरला, पडला, भरला.

थोरला वळला.

आईला तिथे बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. "इथे कशाला आणलीत तिला? आगीत?"

"आगीत नाही, भाऊजी," काडीवाली म्हणाली. "आगीत घर आहे. हवा इथेच आहे. तुमच्या पाठीमागे. सबंध गावात तेवढीच राहिलीय."

त्याच्या हातातली पेंढी जळत होती. म्हातारीनं हात उचलला, उभ्या काड्यांकडे केला.

"जाळ," ती म्हणाली. एका शब्दाला एक श्वास. "तुझं होऊ दे. मी... बसते. मग... घरी जाईन."

पेंढी जळत जळत त्याच्या बोटांशी आली तरी त्यानं ती सोडली नाही. मग हात झटकला. ती मातीत पडली. त्यानं तिच्यावर पाय दिला, दुसरा पाय दिला, आणि विझल्यावरही तो पाय आपटतच राहिला, मातीत काहीतरी गाडून टाकायचं असल्यासारखा.

"मंजुरी आली का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. विचारायचं म्हणून.

"नाही. कच्चा माल उपलब्ध नाही, असं लिहून गेले."

त्यानं खाली पसरलेल्या काळ्या रानाकडे पाहिलं. इतर बांधांवर लोक अजून पेटवत होते. त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. फिटर भावाकडे बघत नव्हता, भाऊ त्याच्याकडे बघत नव्हता.

"मी कागदाला घाबरलो," थोरला म्हणाला.

तिला त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं एकही तिला त्याला द्यायचं नव्हतं. म्हातारीची पाठ तिच्या छातीला टेकलेली होती आणि त्या पाठीतून येणारा प्रत्येक श्वास तिला स्वतःच्या बरगड्यांत कळत होता.

"उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "आईला पाणी आणा."